रायन डेनं प्ले कॉलिंग पुन्हा हातात घ्यावं का?

कोलंबसकर
नमस्कार मंडळी. ओहायो स्टेटचा अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा २०२५ चा हंगाम तोंडावर आलाय. ३० ऑगस्टला टेक्सस आपल्या घरी, हॉर्सशूमध्ये खेळायला येतंय आणि माझ्या डोक्यात महिनाभर एकच विषय घोळतोय.

गेल्या हंगामात ऑफेन्स सांभाळणारा चिप केली एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये रेडर्सकडे गेला. आता ओहायो स्टेटच्या ऑफेन्सचे प्ले, म्हणजे डाव, ब्रायन हार्टलाइन ठरवणार. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, घडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण प्ले कॉलिंगचा अनुभव त्याच्या गाठीशी नाही. २०२३ मध्ये तो कोऑर्डिनेटर होता, तेव्हाही प्लेची शीट आपला हेड कोच रायन डे याच्याच हातात होती. मग डेनं ती परत घ्यावी का?

माझं मत : घेऊ नये. २०२४ मध्ये त्यानं प्ले कॉलिंग केलीकडे सोपवलं, स्वतः सगळ्या संघावर लक्ष ठेवलं आणि राष्ट्रीय विजेतेपद आलं. हेड कोच म्हणून तो त्या वर्षी मोठा झाला. २०१९ ते २०२३ या काळात तो सामना चालू असताना मान खाली घालून शीटमध्येच असायचा. डिफेन्सची वाताहत व्हायची आणि याला ती उशिरा कळायची.

तुमचं काय मत? राग-लोभ सगळं येऊ द्या, फक्त शिवीगाळ नको.

चौथा_डाऊन
+१. सोडलं ते सोडलं.

राधिका_डब्लिन
पूर्ण असहमत.

ज्याच्या हाताला चव आहे त्यानं पंगतीत फक्त वाढायचं काम करायचं? डेची ओळखच मुळी क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) घडवणं आणि प्ले डिझाइन ही आहे. २०१८ मध्ये तो कोऑर्डिनेटर असताना ड्वेन हॅस्किन्सनं ५० टचडाऊन पास टाकले. मग जस्टिन फील्ड्स, मग सी. जे. स्ट्राउड. तिघंही पहिल्या फेरीत एनएफएलमध्ये गेले. २०२० च्या शुगर बोलमध्ये क्लेमसनला ४९-२८ नं लोळवलं तो ऑफेन्स आठवा. फील्ड्सच्या बरगड्यांना मार बसलेला असतानासुद्धा सहा टचडाऊन पास!

केली होता म्हणून सोपवणं चाललं. न्यू हॅम्पशायरला डे क्वार्टरबॅक होता तेव्हा केली त्याचा कोच होता. गुरूच्या हातात सूत्रं देणं वेगळं आणि नवख्याच्या हातात देणं वेगळं.

आप्पा_अ‍ॅनआर्बर
मिशिगनवाल्यांना या धाग्यावर प्रवेश आहे ना? आमची एवढीच विनंती, कुणीही प्ले कॉल करा पण नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आहे तसंच चालू ठेवा. २०२१, २०२२, २०२३, २०२४. जिंकायची छान सवय लागलीय आम्हाला.

लाल_करडा
आप्पा, तुमच्या त्या चार वर्षांत साइन चोरीचं, म्हणजे समोरच्यांच्या खुणा चोरण्याचं, प्रकरण पण येतं बरं का.

आप्पा_अ‍ॅनआर्बर
२०२४ ला कुठली साइन होती? आमच्या क्वार्टरबॅकनं अख्ख्या सामन्यात ६२ यार्ड पास केले. ६२! आणि तरी जिंकलो. तुम्ही सगळा वेळ आमच्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या दोन डोंगरांवर डोकं आपटत होतात.

कोलंबसकर
साइन चोरीचा विषय इथंच थांबवू या, नाहीतर दोनशे प्रतिसाद त्यातच जातील. आप्पा, तुमचं स्वागत आहे.

नवखा_पुणेकर
मी पुण्याहून लिहितोय. मुलगा याच महिन्यात ओहायो स्टेटला मास्टर्ससाठी गेला. फोनवर रोज फुटबॉल, फुटबॉल चाललेलं असतं. मला कुणी सांगेल का, प्ले कॉलिंग म्हणजे नेमकं काय? कोच बाहेरून ओरडतो म्हणजे प्ले कॉलिंग का? आणि हेड कोच असताना दुसऱ्यानं ठरवायचं, हे कसं?

मंदार७७
@नवखा_पुणेकर, काका, अवश्य सांगतो.

चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाआधी कोण कुठं उभा राहणार, कोण कुठून पळणार, चेंडू कुणाकडे जाणार, हे सगळं एका नावात बांधलेलं असतं. त्याला प्ले म्हणतात. असे पन्नास-शंभर प्ले एका मोठ्या, दोन्ही बाजूंनी छापलेल्या लॅमिनेटेड कागदावर असतात. परिस्थितीनुसार त्यातला एक निवडणं म्हणजे प्ले कॉलिंग. एक प्ले संपला की ४० सेकंदांच्या आत पुढचा सुरू करावा लागतो. २०२४ पासून कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आला, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. म्हणजे कॉल करणाऱ्याकडे विचाराला किती वेळ उरतो बघा.

आता कबड्डी आठवा. प्रो कबड्डीत दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. इथं चौथा डाऊन तसाच असतो. फरक एवढाच, की इथं तुम्ही लाथ मारून चेंडू लांब घालवून सुटका करून घेऊ शकता, किंवा धाडस करू शकता. धाडस करायचं की नाही हे ठरवतो हेड कोच. टाइमआउट कधी घ्यायचा, तेही तोच. डिफेन्स दमलाय का, एखाद्या पोराचं डोकं फिरलंय का, हे बघणारा पण तोच.

म्हणून वाद आहे. कर्णधारानं स्वतः शेवटची ओव्हर टाकायची की दुसऱ्याच्या हातात चेंडू देऊन क्षेत्ररचना बघायची?

नवखा_पुणेकर
वा! कबड्डीमुळे एकदम डोक्यात शिरलं. धन्यवाद मंदार. वाचतोय.

लाल_करडा
राधिकाताईंना सांगायचंय. २०२१ ची शीट डेकडेच होती. ऑफेन्स देखणा होता, मान्य. पण ऑरेगननं घरी येऊन ३५-२८ नं हरवलं, तेव्हा आपला डिफेन्स एकच चूक पुन्हा पुन्हा करत होता. अ‍ॅन आर्बरला मिशिगनकडून ४२-२७ नं हार. हसन हॅस्किन्सनं एकट्यानं पाच टचडाऊन रेटले. आपला हेड कोच तेव्हा फक्त ऑफेन्सचा कोच होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. पुढच्या वर्षी जिम नोल्सला आणून डिफेन्स त्याच्या ताब्यात दिला, हे डेचं शहाणपण. पण मग निम्मंच शहाणपण कशाला?

राधिका_डब्लिन
@लाल_करडा, मग २०२२ चा पीच बोल घ्या. समोर जॉर्जिया, गतविजेते, डिफेन्स असा की त्याच्यावर २० गुण मिळवले तरी लोक टोपी काढायचे. डेनं ४१ गुण घेतले. स्ट्राउडचे ३४८ यार्ड, चार टचडाऊन. चौथा क्वार्टर सुरू होताना आपण ३८-२४ नं पुढं होतो. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस मार्विन हॅरिसन ज्युनियरला दुखापत झाली नसती तर आज हा धागाच निघाला नसता. गेल्या दहा वर्षांत मी पाहिलेलं हे सगळ्यात सुंदर प्ले कॉलिंग.

लाल_करडा
आणि शेवटचे २४ सेकंद?

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ३१ डिसेंबर. आमच्याकडे सहा कुटुंबं जमली होती. बायका-पुरुष सगळे टीव्हीपुढं, पोरं वर गोंधळ घालताहेत, मसालेभात गार होतोय. ४२-४१, आपण एका गुणानं मागे. स्ट्राउड स्वतः २७ यार्ड पळाला आणि चेंडू जॉर्जियाच्या ३१ व्या यार्डावर आणून ठेवला. हातात वेळ आहे, टाइमआउट आहे, अजून दहा यार्ड मिळाले तर फील्ड गोलची, म्हणजे गुण मिळवून देणारी, किक सोपी. आणि कॉल काय आला? रन. एक यार्ड मागे! मग दोन पास वाया. ५० यार्डांची किक घ्यायची वेळ आली. किक मारली आणि बरोबर त्याच क्षणी बारा वाजले. वरून पोरं 'हॅपी न्यू इयर' ओरडत जिना उतरली. चेंडू डावीकडे गेला. खाली कुणाच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

संपूर्ण सामना निर्भय कॉल केला आणि शेवटी हात आखडला. ही डेची जुनी खोड. दबाव वाढला की तो सुरक्षित वाट धरतो.

रेवती
अगदी! 'हात आखडला' हा शब्द अचूक आहे.

थोडं विषयांतर करते. मिशिगनच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर इंग्रजी 'एम' अक्षरावर लाल फुली मारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आमची सहा वर्षांची लेक हे बघून आली आणि फ्रिजवर लावलेल्या आमच्या मराठी मंडळाच्या पत्रिकेवरच्या दोन्ही 'एम'वर लाल खडूनं फुल्या मारून मोकळी झाली. मग म्हणाली, "आई, देवनागरीतला म चालेल ना?" चालेल म्हटलं.

आप्पा_अ‍ॅनआर्बर
लेकीला माझा आशीर्वाद. देवनागरी म वर आमचा काही दावा नाही.

सई
बराच वेळ नुसती वाचत होते, आता राहवत नाही.

कोलंबसकर, तुमच्या मांडणीत एक मोठं भोक आहे. ३० नोव्हेंबर २०२४. मिशिगन मानांकनात नाही, आपण वीसहून अधिक गुणांनी जिंकू असा अंदाज, आणि १०-१३ नं घरच्या मैदानावर हरलो. त्या दिवशी शीट कुणाकडे होती? चिप केलीकडे! डेनं सोपवलेलंच होतं. जेरेमाया स्मिथ, एमेका एग्बुका, कार्नेल टेट असे तीन रिसीव्हर असताना आपण मधूनच घुसत राहिलो. सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन आणि लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स दोघंही जायबंदी, म्हणजे जिथं भिंत सगळ्यात कच्ची तिथूनच जायचा हट्ट. २६ रन, ७७ यार्ड.

म्हणजे कागद कुणाच्या हातात आहे, हा प्रश्नच नाही. सामना कसा खेळायचा हे आठवडाभर आधी कुणी ठरवलं, हा प्रश्न आहे. ते हेड कोचच ठरवतो.

कोलंबसकर
सई, बरोबर बोललात. माझी मांडणी तिथं तुटते, मान्य.

मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसतात. गुडघ्यावर छोटी वही, हातात पेन्सिल, प्रत्येक प्ले बाणानं काढतात. पासला तिरका बाण, बाहेरून रन असेल तर वळलेला, मधून रन असेल तर सरळ उभा. दुसऱ्या हाफमध्ये मी सहज डोकावलो तर पानभर एकाखाली एक सरळ बाण. थोड्या वेळानं त्यांनी पेन्सिल वहीत घातली, वही कोटाच्या खिशात टाकली आणि हातमोजे घातले. सामना संपायला बराच वेळ होता, बरोबरी होती. ४५ सेकंद उरले असताना मिशिगननं फील्ड गोल मारला, तेव्हाही ते तसेच बसून होते.

मंदार७७
सईच्या मुद्द्याला माझी जोड. मला हे २०२३ च्या सप्टेंबरपासून सुरू झालेलं वाटतं. नोत्र दामच्या सामन्याआधी त्यांचे जुने कोच लू होल्ट्झ जाहीरपणे म्हणाले की ओहायो स्टेट अंगाबळाच्या खेळात कमी पडतो. आपण १७-१४ जिंकलो, एक सेकंद उरला असताना एक यार्डावरून रेटून टचडाऊन. सामन्यानंतर डे कॅमेऱ्यासमोर होल्ट्झना उत्तर देत होता, आवाज चढलेला. मला तेव्हा फार आवडलं होतं ते. आता वाटतं, ती टोचणी त्याच्या मनातून गेलीच नाही. मिशिगनसमोर 'आम्हीही रेटू शकतो' हे दाखवायचंच, भले हातात जेरेमाया स्मिथ असो. माणूस ज्या गोष्टीवरून हिणवला जातो तीच सिद्ध करायला जातो आणि स्वतःची जमेची बाजू विसरतो.

राधिका_डब्लिन
@मंदार७७, हे पटलं. मनापासून.

रेवती
मिशिगनच्या त्या पराभवानंतर लोक डेच्या घरच्यांबद्दल जे बोलले ते वाचवत नव्हतं. घराबाहेर पहारा ठेवायची वेळ आली होती. डे नऊ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली, हे तो उघड बोलतो. तो आणि त्याची बायको ख्रिस्टिना, दोघांनी मिळून इथल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी सुरू केलाय. माझ्या मैत्रिणीच्या मुलाला तिथल्याच मानसोपचार विभागात उपचार मिळाले, म्हणून मला त्याचं मोल माहीत आहे. प्ले कॉलिंगवर हवं तेवढं भांडा, पण माणसाच्या घरावर जाऊ नका.

आप्पा_अ‍ॅनआर्बर
रेवतीताई, शंभर टक्के. ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या लोकांनी ऐकावी.

चौथा_डाऊन
बरं, मग डिसेंबरात नेमकं बदललं काय? तीन आठवड्यांनी तोच संघ, तोच केली, तीच कच्ची लाइन. टेनेसीला ४२-१७. पहिल्याच क्वार्टरमध्ये २१-०. रोझ बोलमध्ये ऑरेगन ३४-० नं मागे पडलं, तेच ऑरेगन ज्यांनी ऑक्टोबरात ३२-३१ नं हरवलं होतं!

सई
चेंडू स्मिथकडे जायला लागला, हे बदललं! पहिल्या प्लेपासून. आधी पास दाखवून समोरच्याला पसरवायचं आणि मग मोकळ्या झालेल्या जागेतून हेंडरसन आणि जडकिन्सला पळवायचं. उलट क्रम. मिशिगनसमोर आधी रेटायचं आणि जमलं तर पास, असं होतं.

आणि २० जानेवारीची फायनल. नोत्र दाम ३१-७ वरून ३१-२३ वर आलेलं, तीन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. तिसरा डाऊन, ११ यार्ड हवेत. जुना डे असता तर रन, घड्याळ चालू ठेवा, किक मारा, डिफेन्सवर भरवसा. त्या दिवशी विल हॉवर्डनं स्मिथला ५६ यार्डांचा पास टाकला. सामना तिथं संपला. कॉल केलीचा असेल, पण त्याला हो म्हणणारा डे होता. माझ्या मते डेची वाढ मोजायची तर त्या एका 'हो'पासून मोजा.

लाल_करडा
पीच बोलचे २४ सेकंद आणि फायनलचा तो तिसरा डाऊन शेजारी शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. दोन वर्षांत हा फरक पडला.

राधिका_डब्लिन
मी माझं मत थोडं बदलते. शीट हार्टलाइनकडे राहू द्या. पण डेनं त्याच्या कानात बोलत राहावं. नवीन क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन पहिल्यांदाच सुरुवात करतोय, कॉल करणारा पण नवीन. दोन नवखे एकाच वेळी. टेक्ससविरुद्ध तरी फार धाडस नको.

चौथा_डाऊन
७०-१० असा रेकॉर्ड असलेल्या कोचबद्दल आपण इतकं बोलतोय, आणि त्यातला मिशिगनविरुद्धचा १-४ एवढाच तुकडा झोप उडवतो. यालाच कोलंबस म्हणतात.

नवखा_पुणेकर
मुलाला हा धागा पाठवला. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आता माझ्यापेक्षा जास्त सांगायला लागलात." पुण्यात रात्री जागून टेक्ससचा सामना बघायचा बेत केलाय, तिथल्या दुपारची आमची रात्र.

मंदार७७
धागा वर काढतोय. टेक्सस १४-७. सगळ्यांनी बघितलंच असेल. राधिकाताईंचं म्हणणं डेच्या कानावर गेलं असावं. सेयिनला जपून खेळवलं, डिफेन्सनं सामना काढून दिला. मला हा भित्रेपणा वाटला नाही. पोराला पोहायला शिकवताना पहिल्या दिवशी खोल पाण्यात ढकलत नाहीत.

लाल_करडा
सहमत. पण नोव्हेंबरात खोल पाण्यात उतरावंच लागेल.

आप्पा_अ‍ॅनआर्बर
२९ तारखेला आमच्याकडे या. मी चहा ठेवतो.

कोलंबसकर
तीन महिन्यांनी धागा पुन्हा वर काढतोय. २९ नोव्हेंबरची मध्यरात्र उलटून गेलीय आणि झोप येत नाही. २७-९! अ‍ॅन आर्बरमध्ये!

मी जाऊ शकलो नाही, घरीच बघितला. पुढच्या रांगेतल्या आजोबांची आठवण येऊन लेकीची शाळेची वही घेतली आणि त्यांच्यासारखे बाण काढत बसलो. सुरुवातीला मिशिगन ६-०. इंटरसेप्शनही गेलेलं, म्हणजे आपला पास त्यांनी झेललेला. पोटात गोळा आला. आता पुन्हा सरळ बाण सुरू होणार, असं वाटलं. मग चौथा डाऊन आला. चार वर्षं मी जे बघत होतो, त्यात इथं किक यायची किंवा मधून धडक यायची. सेयिननं चेंडू उंच टाकला आणि स्मिथ ३५ यार्डांवर टचडाऊन घेऊन मोकळा. पेन्सिल माझ्या हातातून सुटली, तो बाण काढायचाच राहिला. लेकीनं नंतर काढला, पानाच्या बाहेरपर्यंत नेला.

दुसऱ्या हाफमध्ये बर्फ पडायला लागलं, तरी टेटला ५० यार्डांचा टचडाऊन पास. बर्फात! आणि आघाडी मिळाल्यावर मग सरळ बाण आले, भरपूर आले, आणि या वेळी ते चालले, कारण समोरचे मागे सरकलेले होते. सई, तुम्ही सांगितलेला उलट क्रम.

शीट दिवसभर हार्टलाइनकडे होती.

आप्पा_अ‍ॅनआर्बर
अभिनंदन मंडळी. चहा गार झाला, पण आज तुम्ही चांगले खेळलात.

सई
आप्पा, पुढच्या वर्षी कोलंबसला या. चहा आमच्याकडे.

रेवती
लेक झोपली नाहीये अजून. सगळ्या फुल्या पुसायच्या का, विचारतेय. मी म्हटलं, राहू देत.